एकच चूक, दोन नावं: किशोरवयीन मुलांची गुन्हेगारी, आर्थिक वर्ग आणि शिक्के (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पालक, शिक्षक, समाजकार्याचे विद्यार्थी आणि कधीकधी खुद्द मुलंही विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही. काही प्रश्न दोन ओळींत संपतात, काहींना तसं संपवणं अप्रामाणिक ठरेल.

‘शिक्का मारणं’ म्हणजे नेमकं काय? नावं तर आपण सगळेच सगळ्यांना ठेवतो.

नावं ठेवणं वेगळं. शिक्का बसतो तेव्हा मुलाच्या एका कृत्यावरून त्याची सगळी ओळख ठरते. ‘याने काच फोडली’ हे एका दुपारचं वर्णन आहे, तर ‘हा टारगट आहे’ म्हटलं की त्यात मागचे सगळे दिवस आणि पुढचे सगळे दिवस येतात.

ही प्रक्रिया अमेरिकी अभ्यासक फ्रँक टॅननबॉम यांनी 1938 मध्ये मांडली. मूल खोडी काढतं तेव्हा त्याच्या दृष्टीने तो खेळ असतो, गंमत असते. मोठ्यांना तो उपद्रव वाटतो. हळूहळू मोठ्यांचा राग कृत्यावरून सरकून मुलावर येतो, आणि मूलही स्वतःकडे त्याच नजरेनं पाहू लागतं. एडविन लेमर्ट यांनी 1951 मध्ये यात एक उपयोगी भेद केला. पहिली चूक अनेक कारणांनी घडते आणि बहुतेकांच्या आयुष्यातून तशीच निघून जाते. पण लोकांच्या प्रतिक्रियेनंतर, त्या प्रतिक्रियेला तोंड देताना जी चूक घडते ती वेगळ्या जातीची असते. हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. वर्तन ‘विचलित’ (म्हणजे रूढ चौकटीबाहेरचं) ठरतं ते मुळात लोक त्याला तसं ठरवतात म्हणून, असं त्यांचं म्हणणं. बेकर यांच्या मांडणीतला एक कप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो: नियम मोडूनही ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही अशांचा. या पानावरचे बरेचसे प्रश्न त्या कप्प्याभोवतीच फिरतात.

गरीब वस्त्यांतली मुलं जास्त गुन्हे करतात हे आकडेच सांगतात ना?

कुठले आकडे, हे आधी पाहावं लागतं. पोलिसांच्या नोंदीत पकडल्या गेलेल्या मुलांची संख्या असते, आणि पकडलं जाणं दोन गोष्टींवर अवलंबून असतं: मुलानं काय केलं आणि ते कुणी पाहिलं. नोंदवहीत या दोन्हींची सरमिसळ झालेली असते.

ती सोडवण्यासाठी 1950 च्या दशकात जेम्स शॉर्ट आणि इव्हान नाय यांनी सरळ मुलांनाच, नाव न लिहिता, विचारायला सुरुवात केली: चोरी केलीस का, शाळा बुडवलीस का, काही मोडतोड केलीस का. उत्तरांत वर्गावर्गांतला फरक पोलिसी नोंदींच्या मानानं फारच थोडा निघाला. पुढे 1978 मध्ये चार्ल्स टिटल आणि सहकाऱ्यांनी तोवरचे 35 अभ्यास एकत्र पाहिले. त्यांनाही वर्ग आणि गुन्हा यांचा संबंध अगदी क्षीण आढळला.

इथेच थांबलो तर मात्र अर्धंच सांगितल्यासारखं होईल. डेल्बर्ट एलियट आणि सुझान एजटन यांनी 1980 मध्ये दाखवलं की अशा प्रश्नावल्यांमध्ये किरकोळ खोड्या फार आणि गंभीर गुन्हे कमी विचारले जात. गंभीर हिंसा आणि पुन्हा पुन्हा गुन्हा करणारी थोडी मुलं वेगळी काढली, तर तिथे वर्गाचा फरक दिसतो. म्हणजे सरसकट ‘गरिबांची मुलं गुन्हेगार’ हे चूक, आणि ‘वर्गाचा काहीच संबंध नाही’ हेही चूक. टोकाच्या हिंसेत फरक आहे. खोड्या, दारू, मोडतोड, भुरट्या चोऱ्या, बेफाम गाडी चालवणं या सगळ्यात मात्र तो नोंदवहीत दिसतो तितका मुलांच्या वागण्यात नसतो. आणि बहुतेक मुलांवर शिक्का बसतो तो याच किरकोळ गोष्टींवरून.

दोन टोळक्यांचा तो प्रसिद्ध अभ्यास कोणता? त्यात काय दिसलं?

विल्यम चॅम्ब्लिस यांचा, 1973 मध्ये प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या एका शाळेतली मुलांची दोन टोळकी त्यांनी दोन वर्षं जवळून पाहिली. एका टोळक्यात सुखवस्तू घरांतली आठ मुलं होती, त्यांना अभ्यासात ‘संत’ म्हटलं आहे. दुसऱ्यात गरीब घरांतली सहा, त्यांना ‘दांडगट’. दोन्हीकडची मुलं गोरीच होती, त्यामुळे फरक वंशाचा होता असं म्हणायला जागा उरत नाही.

‘संत’ काय करत? खोट्या सबबी सांगून वर्गातून सटकत. दारू पिऊन गाडी हाकत. रस्ता खणलेल्या ठिकाणचे इशाऱ्याचे कंदील आणि अडथळे काढून ठेवत आणि गाड्या खड्ड्यात कशा जातात ते लपून पाहत. रिकाम्या घरांची नासधूस करत. ‘दांडगट’ काय करत? भुरट्या चोऱ्या, मारामाऱ्या आणि परवडेल तेव्हा दारू. चॅम्ब्लिस यांच्या मते नियम मोडण्याच्या वारंवारितेत ‘संत’ मागे नव्हते, उलट थोडे पुढेच असावेत.

दोन वर्षांत आठ ‘संतां’पैकी एकालाही अटक झाली नाही. सहाही ‘दांडगटां’ना कधी ना कधी झाली. गावाच्या लेखी पहिली मुलं हुशार, होतकरू आणि जराशी मस्तीखोर होती. दुसरी वाया गेलेली होती.

कारणं तीन सांगितली आहेत. पहिलं, दिसणं. ‘संतां’कडे गाड्या होत्या, ते दूरच्या मोठ्या शहरात जाऊन धिंगाणा घालत आणि परत येऊन सभ्य बसत. ‘दांडगटां’कडे जायला साधनच नव्हतं, ते चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभे असत. दुसरं, बोलण्याची ढब. पकडलं तर ‘संत’ माफी मागत, ‘सर’ म्हणत. ‘दांडगट’ तुसडेपणा करत, आणि नम्र व्हायचा प्रयत्न केला तरी तो वरवरचा आहे हे समोरच्याला कळे. तिसरं कारण नुसता पूर्वग्रह: कोणती मोडतोड ‘खरी’ वाईट, हे आधीच ठरलेलं होतं.

पुढे काय झालं तेही नोंदलेलं आहे. आठ ‘संतां’पैकी सात जण शाळा संपताच महाविद्यालयात गेले. ‘दांडगटां’पैकी दोघांना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या, ते शिकले आणि शिक्षक-प्रशिक्षक झाले. दोघांनी शाळा अर्धवट सोडली आणि दोघेही पुढे खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले.

लोक या शेवटाचं फार सरळ भाषांतर करतात: शिक्क्यामुळे खुनी झाले. चौदा मुलं, एक गाव, एक निरीक्षक. एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. मला त्यातला शिष्यवृत्तीचा तपशील अधिक बोलका वाटतो. त्याच टोळक्यातल्या दोन मुलांना गावानं खेळाडू म्हणून दुसरी ओळख दिली आणि ती दोघं त्या ओळखीला जागली.

पोलिस काही मुलाच्या बापाचा पगार विचारत नाहीत. मग वर्ग आडवा येतो कसा?

विचारावा लागतच नाही. अर्विंग पिलियाविन आणि स्कॉट ब्रायर यांनी 1964 मध्ये पोलिस आणि मुलं यांच्या रस्त्यावरच्या गाठीभेटींचा अभ्यास छापला. किरकोळ प्रकरणांत अधिकाऱ्याकडे मुलाची फारशी माहिती नसते. त्यामुळे तो कपडे, केस, बोलणं, उभं राहण्याची पद्धत यांवरून अंदाज बांधतो. नीट सहकार्य करणाऱ्या 45 मुलांपैकी 2 जणांना अटक झाली, तर उद्धट वाटलेल्या 21 पैकी 14 जणांना.

आता ‘नीट बोलणं’ कुठे शिकायला मिळतं याचा विचार करा. ज्या घरात मोठ्या माणसांशी, साहेबांशी, डॉक्टरांशी बरोबरीनं बोलायची सवय मुलांना लागते, तिथली मुलं गणवेशासमोरही तशीच बोलतात. ज्याला आधी चारदा विनाकारण हटकलेलं आहे तो पाचव्यांदा हसून उत्तर देईल ही अपेक्षा जरा जास्तच आहे. मग त्याचा ताठरपणा नोंदला जातो आणि तो का आला हे मात्र कुणी नोंदत नाही.

आम्ही शिक्षक मुलाची पार्श्वभूमी नाही, वागणं पाहून मत बनवतो. यात काय चूक?

चूक नाही, पण पाहणं आपल्याला वाटतं तितकं कोरं नसतं. जॉन डार्ली आणि पॅजेट ग्रॉस यांचा 1983 चा प्रयोग यासाठी प्रत्येक शिक्षकाला सांगावासा वाटतो. काही विद्यार्थ्यांना एका मुलीची चित्रफीत दाखवली. निम्म्यांना ती सुखवस्तू घरातली वाटेल असं चित्रण होतं, निम्म्यांना गरीब घरातली. एवढंच पाहून तिची पातळी सांगायला लावली तेव्हा लोक सावध राहिले, दोन्ही गटांच्या अंदाजांत फारसा फरक पडला नाही. मग आणखी काहींना ती मुलगी तोंडी प्रश्नांची उत्तरं देताना दाखवली. ही फीत दोन्ही गटांना एकच होती. आता मात्र मतं फाटली. श्रीमंत समजलेल्या मुलीला वरचा दर्जा मिळाला, गरीब समजलेल्या मुलीला खालचा. आणि दोन्ही गट आपल्या मताला त्याच फितीतला पुरावा देत होते.

नुसत्या माहितीवरून मत बनवायला माणूस कचरतो. ‘मी स्वतः पाहिलं’ म्हणण्याची सोय झाली की तो संकोच संपतो. म्हणून वागणं पाहून बनवलेलं मतच जास्त तपासावं लागतं. प्रयोग अभ्यासातल्या गतीबद्दल होता, शिस्तीबद्दल नव्हता. तरी मागच्या बाकावरच्या मुलाची चुळबुळ ‘मस्ती’ आणि पुढच्या बाकावरच्याची ‘उत्साह’ कशी होते याचा अंदाज त्यातून येतो.

सुखवस्तू घरातलं मूल पकडलं गेलं तर नेमका फरक कुठे पडतो?

पहिल्या दोन तासांत. ॲरन सिकोरेल यांनी 1968 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन शहरांच्या बाल-न्यायव्यवस्थेचा अभ्यास मांडला. प्रकरण पुढे न्यायचं की नाही, हे बऱ्याच अंशी बोलणीतून ठरत असल्याचं त्यांना दिसलं. मध्यमवर्गीय आईवडील लगेच हजर होतात, नुकसानभरपाई देऊ करतात, समुपदेशकाचं नाव सांगतात, घरातून लक्ष ठेवू म्हणतात. अधिकाऱ्याच्या मनातलं ‘बालगुन्हेगारा’चं चित्र म्हणजे तुटकं घर, वाईट संगत आणि अभ्यासात मागे. हे मूल त्यात बसत नाही. प्रकरण मिटतं. कामावरची रजा न मिळणाऱ्या, कार्यालयात बोलायला बिचकणाऱ्या पालकाला यातलं काहीच साधत नाही.

या पानावरचं माझं सगळ्यात ठाम मत इथेच येतं. सुखवस्तू कुटुंब आपल्या मुलासाठी जे करतं (गाजावाजा टाळणं, नुकसान भरून देणं, मुलाला चार शब्द सुनावणं, पुन्हा संधी देणं) तेच बालन्यायाचे जाणकार सगळ्या मुलांसाठी सुचवत आले आहेत. मुलांची गय करावी का, हा वाद मला म्हणूनच थोडा खोटा वाटतो. गय आपण रोज करतो. ती कुणाची करतो एवढाच प्रश्न आहे.

दोन टोकांची प्रकरणं शेजारी ठेवून पाहा. 1964 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात 15 वर्षांच्या एका मुलावर अश्लील फोन केल्याचा आरोप आला. वकील नाही, तक्रारदार बाई कधी समोर आल्याच नाहीत, आणि मुलाला 21 वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा हुकूम झाला. प्रौढ माणसाला त्याच गुन्ह्यासाठी 5 ते 50 डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. 1967 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि मुलांनाही वकिलाचा हक्क दिला. खटला ‘गॉल्ट’ नावानं ओळखला जातो. दुसरं प्रकरण टेक्सासमधलं, 2013 चं. 16 वर्षांच्या श्रीमंत मुलानं दारूच्या नशेत गाडी चालवून चार माणसं मारली. अतिलाडात आणि पैशात वाढल्यानं त्याला परिणामांची जाणीवच नाही, असं बचाव पक्षाच्या मानसशास्त्रज्ञानं साक्षीत सांगितलं. शिक्षा झाली दहा वर्षांच्या परिवीक्षेची, म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेर देखरेखीखाली राहण्याची. न्यायाधीशांनी तोच युक्तिवाद मान्य केला असं निकालात म्हटलेलं नाही, हे खरं. पण गरिबीत वाढल्यानं परिणामांची जाणीव नाही, असा युक्तिवाद भर कोर्टात इतक्या गांभीर्यानं ऐकून घेतला जाईल का, हे वाचकानंच ठरवावं.

शिक्का मारल्यानं मूल खरोखर बिघडतं का? की बिघडलेल्यालाच शिक्का बसतो?

हा या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न, कारण दोन्ही शक्य आहे. उत्तर शोधायचं तर सारखंच वागणारी मुलं घेऊन त्यातल्या काहींनाच शिक्का बसला असं दाखवावं लागतं.

लेस्ली मॅकआरा आणि सुझन मॅकव्ही यांनी एडिंबरामध्ये 1998 साली माध्यमिक शाळेत दाखल झालेल्या सुमारे 4,300 मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. पोलिसांचे ‘नेहमीचे संशयित’ ठरलेले असत, आणि त्यांनी केलेला गुन्हा सारखा असला तरी पुन्हा तेच यंत्रणेत ओढले जात. त्यांची तुलना सारख्याच इतर मुलांशी केली, तेव्हा यंत्रणेत खोलवर गेलेल्यांचा गंभीर गुन्हेगारीतून बाहेर पडण्याचा वेग मंदावलेला दिसला.

याहून भक्कम पुरावा प्रयोगांचा. अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये असे 29 प्रयोग एकत्र केले, ज्यांत एकूण 7,304 मुलांपैकी काहींवर रीतसर कारवाई झाली आणि काहींना समज देऊन किंवा एखाद्या सेवेकडे पाठवून सोडलं गेलं. रीतसर कारवाईनं गुन्हे कमी झाले नाहीत, उलट वाढण्याकडे कल होता.

आणि 2014 च्या शिकागोतल्या एका अभ्यासातला भेद तर फारच नेमका आहे. पहिल्या अटकेनंतर दोन गोष्टी वाढतात: मुलाचे गुन्हे, आणि मुलाच्या पुढच्या अटका. दुसरी वाढ पहिलीपेक्षा मोठी होती. म्हणजे शिक्का मुलाच्या डोक्यात जितका बसतो त्याहून जास्त तो पाहणाऱ्याच्या डोक्यात बसतो. ‘मूल स्वतःला गुन्हेगार समजू लागतं’ हीच गोष्ट आपण रंगवून सांगतो, कारण तिच्यात दोष अखेर मुलाकडेच राहतो.

एक अपवादही आहे. पॉल हर्शफील्ड यांना शिकागोच्या काही गरीब भागांत असं आढळलं की अटक तिथे इतकी सर्रास होती, की मित्रांत किंवा घरात तिची लाज फारशी उरली नव्हती. पोलिसांवरचा विश्वासच संपला, की त्यांच्या शिक्क्यालाही किंमत राहत नाही.

एकदा तुरुंग दाखवून आणला तर धाक बसेल ना?

नाही. 1970 च्या दशकात न्यू जर्सीतल्या एका तुरुंगात जन्मठेपेचे कैदी मुलांना दरडावून घाबरवत, तो कार्यक्रम भलताच गाजला. त्या धर्तीच्या नऊ प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा न गेलेल्या मुलांपेक्षा जाऊन आलेल्यांनीच पुढे जास्त गुन्हे केले होते. तरी हा उपाय दर काही वर्षांनी कुणालातरी नव्यानं सुचतोच.

हे सगळं म्हणजे मुलाच्या जबाबदारीवर पांघरूण नाही का?

हा आक्षेप या सिद्धांतावर पहिल्यापासून आहे आणि तो पुरता खोडता येत नाही. मुलानं पहिला दगड का मारला, हे शिक्क्याचा सिद्धांत सांगू शकत नाही. काही मुलं पकडली गेल्यावर खरोखर थांबतात. आणि काही थोडी मुलं लहानपणापासून आक्रमक असतात, त्यांचा त्रास शिक्क्याआधीच सुरू झालेला असतो. टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये हेच वेगळं काढलं: बहुसंख्य मुलांचं नियम मोडणं किशोरवयापुरतं असतं, तर एका छोट्या गटाचं बालपणी सुरू होऊन पुढे चालू राहतं. मोठ्या गटाला छोट्या गटातला समजण्याची चूक टाळायला हवी, कारण शाळेतून काढणं, पोलिसी नोंद, व्यसन यांसारख्या गोष्टी किशोरवयापुरत्या वागण्यालाही अडकवून ठेवू शकतात, असं मॉफिट यांनीच म्हटलं आहे.

जबाबदारी घ्यायला लावणं आणि शिक्का मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. जॉन ब्रेथवेट यांनी 1989 मध्ये लाज वाटायला लावण्याचे दोन प्रकार सांगितले. एकात कृत्याचा कडक निषेध होतो, पण मुलाला परत आपल्यात घेतलं जातं. दुसऱ्यात मुलालाच वाळीत टाकलं जातं. पहिला प्रकार सौम्य आहे असं समजू नये. ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर बसून ऐकून घेणं हे बऱ्याच मुलांना छडीपेक्षा जड जातं.

‘चांगल्या घरचं मूल’ या शिक्क्याचा काही तोटा आहे का?

आहे. मदत उशिरा पोचते. सुनिया लुथर यांच्या 1999 च्या अभ्यासात सधन उपनगरातल्या मुलांमध्ये नशेचं प्रमाण शहरातल्या गरीब वस्तीतल्या मुलांपेक्षा जास्त निघालं, आणि त्यांच्यात नैराश्य व चिंताही होती. ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ असं मानणाऱ्या शाळेत हे कुणाच्या लक्षात येणार? आणि त्या मुलांनी ज्यांना त्रास दिला, त्यांचं तर कुणी ऐकूनच घेत नाही.

मुलींच्या बाबतीत वेगळं असतं का?

बऱ्यापैकी. घरातून पळून जाणं, उशिरा घरी येणं, सांगितलेलं न ऐकणं या गोष्टी प्रौढानं केल्या तर गुन्हा ठरत नाहीत. अल्पवयीन मुलांबाबत मात्र अनेक ठिकाणी यंत्रणेनं त्यांवर कारवाई केली आहे. अशा प्रकरणांत मुलींचा वाटा एरवीपेक्षा जास्त राहिला आहे. मुलाच्या बाबतीत त्यानं काय केलं ते पाहतात, मुलीच्या बाबतीत ती कुठे होती आणि कुणाबरोबर. घरच्या छळापासून पळालेली मुलगी अशानं आधी ‘वाईट चालीची’ ठरते, आणि ती का पळाली हा प्रश्न मागे पडतो. तिच्याजवळ दुसरं घर घेऊन राहण्याइतके पैसे असलेली मावशी किंवा आजी असेल, तर तेच पळणं ‘काही दिवस नातेवाइकांकडे’ म्हणून खपतं.

निर्दोष ठरलं की शिक्का जातो ना?

1962 मध्ये रिचर्ड श्वार्ट्झ आणि जेरोम स्कोल्निक यांनी नोकरीसाठी चार तऱ्हेचे कागद तयार केले. उमेदवार तोच, फक्त एका मारहाणीच्या खटल्याबद्दलची नोंद वेगळी. प्रत्येक तऱ्हा 25 मालकांना दाखवली. खटलाच नसलेल्याला 9 मालकांनी अनुकूल उत्तर दिलं. दोषी ठरलेल्याला फक्त एकानं. निर्दोष सुटलेल्याला 3 जणांनी. सोबत न्यायाधीशांचं निर्दोषत्वाचं पत्र जोडलं तेव्हा 6 जणांनी. उमेदवार प्रौढ होता, पण निष्कर्ष वयावर अवलंबून वाटत नाही.

शाळेत किंवा संस्थेत मुलाबद्दल अहवाल लिहावा लागतो. काय जपावं?

जे घडलं तेच लिहा: केव्हा, कुठे, काय केलं, आधी काय झालं होतं. ‘उद्धट’, ‘गुंड प्रवृत्तीचा’, ‘घरचं वातावरण खराब’ हे निष्कर्ष आहेत, आणि पुढे येणारा माणूस तेवढेच वाचतो. अमेरिकेत 1998 मध्ये जॉर्ज ब्रिजेस आणि सारा स्टीन यांनी परिवीक्षा अधिकाऱ्यांचे 233 अहवाल तपासले. सारख्या गुन्ह्यांत काळ्या मुलांचं वागणं त्यांच्या स्वभावामुळे आणि गोऱ्या मुलांचं परिस्थितीमुळे झालं, असं लिहिण्याकडे कल होता. ज्याचं कारण स्वभावात सापडलं, तो पुढेही गुन्हा करील असा अंदाज बांधला जाई. तिथे फरक वंशाचा होता, पण ‘याच्या रक्तातच आहे’ आणि ‘याला संगत वाईट लागली’ ही वाटणी आपण वर्गावरूनही तितक्याच सहज करतो.

एक साधी तपासणी सुचवतो. अहवाल लिहून झाला की मुलाचं नाव झाकून तिथे वर्गातल्या सगळ्यात लाडक्या विद्यार्थ्याचं नाव घालून वाचा. जे वाक्य त्याच्याबद्दल लिहायला हात धजणार नाही, ते काढून टाका. नव्या शिक्षकाला जुन्या शिक्षकानं ‘या मुलांवर लक्ष ठेव’ म्हणून यादी देण्याची पद्धतही बंद करावी, निदान पहिले काही आठवडे तरी.

माझ्याच मुलाला शाळेत ‘वाया गेलेला’ ठरवलंय. मी काय करू?

आधी त्यानं खरंच काय केलं ते त्याच्याकडून ऐका, सगळं. मग शाळेत जाऊन तक्रार घटनांच्या रूपात लेखी मागा. ‘एकूणच वागणं’ यावर चर्चा करू नका. चूक असेल तर भरपाई स्वतःहून सुचवा, कारण सुखवस्तू पालक हेच करतात आणि ते कामाला येतं. एकट्यानं बोलायचा धीर होत नसेल तर नीट बोलू शकेल असं कुणीतरी सोबत न्या. आणि शाळेबाहेर त्याला दुसरी ओळख मिळेल अशी जागा शोधा: खेळ, दुरुस्तीचं काम, गाणं, काहीही, जिथे त्याची आधीची कीर्ती पोचलेली नाही. घरात मात्र शाळेचा शब्द चुकूनही वापरू नका.

याबद्दल आंतरराष्ट्रीय नियम आहेत का?

आहेत, आणि ते आश्चर्य वाटावं इतके स्पष्ट आहेत. संयुक्त राष्ट्रांची 1990 ची रियाध मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मुलाला ‘बिघडलेला’ किंवा ‘गुन्हेगार’ ठरवल्यानं त्याच्या वाईट वागण्याचा साचाच पक्का होऊ शकतो. 1985 च्या बीजिंग नियमांनुसार मुलाची ओळख उघड करू नये आणि त्याच्या नोंदी पुढे प्रौढपणीच्या खटल्यात वापरू नयेत. संयुक्त राष्ट्रांच्याच बालहक्क समितीनं 2019 मध्ये गुन्हेगारी जबाबदारीचं किमान वय निदान 14 असावं अशी शिफारस केली.

ज्यांचं नुकसान झालं त्यांचं काय?

त्यांना नेहमीच्या खटल्यातही फारसं काही मिळत नाही, हे आधी मान्य करू. न्यूझीलंडनं 1989 च्या कायद्यानं कुटुंब-बैठकीची पद्धत आणली. गंभीर प्रकरणांतही मूल, त्याचे घरचे, पोलिस आणि पीडित व्यक्ती एकत्र बसून भरपाई आणि पुढची योजना ठरवतात. खून आणि मनुष्यवध वगळलेले आहेत. पीडिताला तिथे बोलायला मिळतं आणि मुलाला ते ऐकावंच लागतं. सगळ्या बैठका चांगल्या होत नाहीत. घाईत उरकलेल्या बैठकीत पीडिताला आपण शोभेपुरते होतो असं वाटू शकतं. पण निदान इथे गरीब मुलाच्या घरच्यांनाही खोलीत खुर्ची असते.

बसलेला शिक्का कधी निघतो का?

निघतो. अमेरिकेत बॉस्टन परिसरातली, सुधारगृहात गेलेली 500 मुलं शेल्डन आणि एलिनॉर ग्लुक या दांपत्यानं 1940 च्या सुमारास अभ्यासली होती. जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी त्यातल्या अनेकांचा माग त्यांच्या सत्तरीपर्यंत काढला. लहानपणीच्या नोंदी पाहून कोण सुधारेल हे नीट सांगता येत नव्हतं, आणि उशिरा का होईना, जवळजवळ सगळेच गुन्ह्यांपासून दूर झाले. टिकणारी नोकरी, चांगलं लग्न, सैन्यातली भरती अशा वळणांनी अनेकांना बाहेर काढलं. यातली नोकरी आणि भरती, दोन्ही ठिकाणी आज आधी जुनी नोंद विचारली जाते. म्हणून अल्पवयात झालेल्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट कराव्यात या मागणीला भावनेपलीकडचा आधार आहे. तुमच्याकडे तशी तरतूद असेल तर ती आपोआप लागू होते की अर्ज करावा लागतो, हे एखाद्या वकिलाला किंवा विधी साहाय्य केंद्रात जरूर विचारा. अर्ज करावा लागत असेल, तर तो कुणाचा राहून जातो हे वेगळं सांगायला नको.